जुनी स्टेशन वॅगन विकण्यापूर्वी रंगकाम कशासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जपून वापरलेली जुनी मोटार विकायला काढली की जो तो पहिला सल्ला देतो तो रंगकामाचा. आमच्या घरची स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानासाठी लांब, छत असलेली जागा आणि उघडणारा दरवाजा असलेली मोटार, विकण्याचे ठरल्यापासून नातेवाईक, शेजारी आणि गॅरेजवाले अशा सर्वांकडून मी तो ऐकतो आहे. ‘थोडा खर्च करा, गाडी चकाचक करा, किंमत वाढेल’ असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. परंतु ज्या गाडीचा रंग, आसने आणि पत्रा कारखान्यातून आले तसेच शाबूत आहेत, तिच्या बाबतीत हा सल्ला विकणाऱ्याच्या मुळावर येतो.

चांगल्या स्थितीतील जुनी वॅगन मुळातच दुर्मीळ असते. दोन आसनी स्पोर्ट्स कार हौसेने घेतली जाते आणि झाकून ठेवली जाते. वॅगन घेतली जाते ती राबवायलाच. मुले, कुत्रा, सायकली, शिडी, पोती हे सगळे वाहून घरच्यांचे मन भरले की ती एखाद्या रंगाऱ्याकडे किंवा प्लंबरकडे जाते आणि तिथून भंगारात. फोर्डने 1929 मध्ये मॉडेल ए मालिकेत आणलेल्या वॅगनचा वरचा सांगाडा लाकडी होता आणि त्याला वेळच्या वेळी वार्निश लावले नाही तर तो कुजे. विलीजने 1946 मध्ये आणि प्लिमथने 1949 मध्ये पूर्ण पोलादी वॅगन बाजारात आणल्यावर कुजण्याची चिंता मिटली, तिची जागा गंजाने घेतली. पुढे मिनीव्हॅन आणि मग एसयूव्ही आल्या आणि ब्यूक व शेवरोले यांच्या मोठ्या वॅगन 1996 मध्ये बंद झाल्या. वॅगनच्या मागच्या, उलट्या तोंडाच्या आसनावर बसून ज्यांचे बालपण गेले, ते आज अशा गाड्यांचे गिऱ्हाईक आहेत आणि त्यांना नवी दिसणारी गाडी नको आहे, तीच गाडी हवी आहे.

असा जाणकार गिऱ्हाईक येतो तेव्हा खिशात रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र घेऊन येतो. कारखान्याचा मूळ रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. वरून पुन्हा फवारणी झाली असेल तर आकडा बराच वाढतो आणि खाली पुट्टी भरली असेल तर तो कितीतरी पटींनी चढतो. आकडा वाढलेला दिसला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, खाली काय लपवले आहे? विक्रीच्या तोंडावर केलेले रंगकाम प्रामाणिक असले तरी ते संशयास्पदच दिसते, कारण नव्या रंगाखालचा निरोगी पत्रा आणि पुट्टीने बुजवलेला पत्रा डोळ्यांना सारखाच दिसतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेल्या तुरीन सनदेतही जतनाला पुनर्बांधणीपेक्षा वरचे स्थान दिले आहे. उडालेला रंग पुन्हा लावता येतो. मूळ रंग एकदा घासून काढला की परत आणता येत नाही.

मग विक्रीपूर्वी काहीच करू नये का? करावे, पण योग्य ठिकाणी. वॅगनची खरी परीक्षा मागच्या दरवाजापाशी होते. काचेच्या खाचेतून झिरपलेले पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरते, तळाची बारीक छिद्रे पानांच्या चुऱ्याने बुजली असली की तिथेच साचते आणि खालची कड आतून फुगू लागते. बाहेरून मोहरीएवढा फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा अनेकदा चाळणी झालेला असतो. ही छिद्रे मोकळी करावीत, स्टेपनीच्या खोबणीवरचे अंथरूण उचलून तळ कोरडा आहे ना ते पाहावे आणि दरवाजाचे रबर कडक झाले असल्यास बदलावे. रबराचा प्रश्न केवळ पाण्याचा नाही, कारण गाडी धावताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि दरवाजा नीट बंद नसेल किंवा मागची काच उघडी असेल तर एक्झॉस्टचा धूर आत ओढला जातो. ब्रेकचे होज (रबरी नळ्या) आणि टायर यांच्याबाबतही तडजोड नको. टायरच्या बाजूला चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. हे चार आकडे 2000 सालापासून आले, त्यामुळे तीनच आकडे दिसले तर नक्षी कितीही शाबूत असो, तो टायर विसाव्या शतकातला समजून काढावा.

जाहिरातीत ‘उत्तम स्थितीत’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. रंग मूळ आहे की नवा, इंजिन तेच आहे की बदललेले, गंज कुठे आहे, हे स्पष्ट लिहावे आणि गंजाचे छायाचित्र दुसऱ्याने काढण्यापूर्वी आपणच काढून द्यावे. आमच्याकडे आलेल्या एका दलालाने मागच्या चाकावरचा गंज दाखवून किंमत पाडायला सुरुवात केली. त्याच गंजाचे छायाचित्र जाहिरातीत होते, हे दाखवल्यावर तो विषय तिथेच संपला. किंमत ठरवताना इतरांनी मागितलेले आकडे पाहू नयेत, प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाले ते पाहावे. मागायला कोणीही काहीही मागतो.

कागदपत्रांचे महत्त्व वेगळे सांगायला नको, तरीही अनेक जण सर्व्हिस बुक आणि जुनी बिले रद्दीत घालतात. दर बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ती ओळीने लावली की मीटरवरचा आकडा खरा असल्याचा त्याहून चांगला पुरावा विकणाऱ्याला देता येत नाही. चॅसिस आणि इंजिनचे क्रमांक नोंदणीशी पडताळून घ्यावेत आणि गिऱ्हाईक येणार त्या दिवशी इंजिन आधीपासून गरम करून ठेवू नये, कारण थंड इंजिन पहिल्या फटक्यात कसे सुरू होते हेच त्याला पाहायचे असते. व्यवहार ठरला की बिलांच्या फाइलबरोबर सुटे भाग, जादा किल्ली आणि तिसऱ्या आसनाची काढून ठेवलेली कडी हेही त्याच्या हवाली करावे.

आपला विश्वासू,
एक वाचक