आठ तासांत मुंबई? जरा थांब

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘लंडन-मुंबई ७,२०० किलोमीटर, आठ तास. साडेनऊला निघालो की सकाळी अकराला उतरतो, तीन-चारला पुण्यात, सहाला ताईच्या साखरपुड्याला हजर.’ अंतराबद्दल तक्रार नाही. मी माळ्यावरचा पृथ्वीगोल काढून मुंबई ते लंडन दोरा ताणला. तोच विषुववृत्तावर धरला तर पंधरा-पंधरा अंशांची चार घरं भरून थोडा उरला. एक घर साधारण १,६७० किलोमीटरचं, तेव्हा तुझा आकडा बसतो. वेळ मात्र कुणीतरी ताशी नऊशेने सरळ भागून टाकलेली दिसते.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीस तर रेघ इराक-सीरियाच्या बाजूने जाते. गोलावर दोरा वर सरकतो: पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन. जवळची वाट तीच, आणि नेमकी तीच अडलेली. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना दार लावलं. कंपनी कुठली घेतोस त्यावरही वळसा ठरतो, ते तिकीट काढण्याआधी बघत जा.

येताना वारा तुझ्या बाजूने असतो, हे कबूल. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो आणि हिवाळ्यात तो चांगलाच जोरात असतो. म्हणून जाताना लागतो त्यापेक्षा येताना वेळ कमी लागतो. (वर्गात दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, ‘बाई, खालून पृथ्वी फिरते ना, म्हणून!’ अरे, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.) तरीही नऊ तास धर.

शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. हीथ्रोला धावपट्टीपर्यंतची रांग, मुंबईला उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम चालवता येत नाहीत आणि गर्दीत विमान वर ताटकळतं.

आता माझा हिशोब बघ. डिसेंबरात आपण तुमच्या साडेपाच तास पुढे. रात्री साडेनऊला निघून नऊ तास म्हणजे आपल्याकडे दुपारचे बारा. विमान अर्धा तास उशिरा सुटलं तर साडेबारा. इमिग्रेशन, बॅगा, बाहेर टॅक्सी मिळेपर्यंत दोन. शनिवारची दुपार, एक्सप्रेसवे, त्यात खंडाळ्याचा घाट. मला तू सहाला नाही, पावणेसातला जिन्यात दिसतोस, तोही तीच चुरगळलेली जीन्स घालून.

आदल्या दिवशीचं तिकीट काढ. भाड्यात फरक पडला तर बाबा देतील, मी बोलले आहे त्यांच्याशी. शुक्रवारी उतरलास तर टॅक्सीही नको, सीएसएमटीहून संध्याकाळी ५.१० ची डेक्कन क्वीन आहे, आरक्षण मात्र आत्ताच कर.

तिकीट बदललंस की आधी काकूला फोन कर. तुला स्टेशनवर घ्यायला कुणाला पाठवायचं, यावरून तिथे दोन दिवस खल चालू आहे.

तुझी
आई