नावं विचारायची राहून गेली, म्हणून इथेच आभार

कॅलिफोर्नियात माझं बिल थकवलेल्या एका एलएलसीला (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला) नोटीस पाठवायची होती. हातात होतं फक्त दारावरच्या पाटीवरचं नाव. डेलावेअर या दुसऱ्या राज्याच्या नोंदीत कंपनी सापडली, पण फुकटात दिसली ती स्थापनेची तारीख, फाइल नंबर आणि रजिस्टर्ड एजंट, म्हणजे कंपनीच्या वतीने कायदेशीर कागद स्वीकारणारा. मालकाचा पत्ताच नाही! डेलावेअर ते मागतच नाही, हे मला कुठे ठाऊक?

ग्रंथालयातल्या काउंटरवरच्या बाईंनी खुर्ची ओढून शेजारी बसवलं. म्हणाल्या, कंपनी कुठेही स्थापन झालेली असो, कॅलिफोर्नियात धंदा करायचा तर इथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या कार्यालयाकडे, नोंदणी लागते. त्यांनी नावामागचं ‘एलएलसी’ काढून पुन्हा शोधलं आणि ‘स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन’ची, म्हणजे कंपनीने स्वतः भरलेल्या माहितीपत्रकाची, पीडीएफ उघडली, तीही फुकट. मॅनेजरचं नाव, पत्ता, सगळं तिथे. तीन आठवडे मी उगाच डोकं फोडत होतो.

फोनवरच्या त्या गृहस्थांचेही आभार. मी अमेरिकेच्या १९६६च्या केंद्रीय माहिती कायद्याखाली (फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट) राज्याच्या लायसन्स खात्याला अर्ज करायला निघालो होतो. ते हसले नाहीत, हे विशेष. तो कायदा केंद्राच्या खात्यांपुरता, राज्यासाठी कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट, असं सांगून ‘सगळे कागद द्या’ऐवजी नेमका कागद आणि तारखा लिहायला लावल्या.

बाई, तुमचं पेन माझ्याकडेच राहिलंय. शनिवारी आणून देतो.