शेडनेट, गांडूळखत आणि रविवारचे दोन तास हवेत!

नमस्कार मंडळी, आपल्या रोपवाटिकेत यंदा रक्तचंदन, सीताअशोक आणि चंदन अशी तिन्ही रोपं उगवून आलीयेत. तिन्ही झाडं आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या धोक्यातल्या यादीत आहेत. (२०२४ मध्ये त्यांनीच सांगितलं की तपासलेल्या झाडांच्या जातींपैकी ३८ टक्के धोक्यात आहेत, म्हणजे यादी काही छोटी नाही.) वृक्षारोपणाला फोटोसाठी सगळे येतात, पण झाड जगणार की नाही हे बरंचसं त्याआधी नर्सरीतच ठरतं आणि तिथे मदत कमी पडते.

तिघांच्या तऱ्हा वेगळ्या. रक्तचंदनाला भरपूर ऊन लागतं. सीताअशोक ओढ्याकाठच्या सावलीतला, कोवळेपणी कडक ऊन लागलं की पानं करपतात. चंदन तर अर्धपरजीवी, शेजाऱ्याच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढतं, म्हणून त्याच्या पिशवीत तूर लावतो, नुसतं खत ओतून भागत नाही.

आणि खताचं म्हणाल तर, दाट सावलीत कितीही घाला, रोपाला अन्न बनवायला उजेडच नसेल तर ते खत घेऊन करणार काय? उलट नत्र जास्त झालं की शेंडा भराभर वाढतो, मुळं मागे राहतात आणि जमिनीत लावल्यावर पाणी जरा कमी पडलं की रोप मान टाकतं. बघणारे उंचीवर खूश होतात, आम्ही बुंध्याची जाडी बघतो.

म्हणून यंदा प्रत्येक जातीचे गट पाडून काही रोपं उघड्यावर, काही ५० टक्के आणि काही ७५ टक्के शेडनेटखाली ठेवायचीत (७५ म्हणजे पाऊण भाग ऊन अडवणारी), प्रत्येक गटात अर्ध्यांना गांडूळखत आणि अर्धी बिनखताची. मग कळेल कोणाला काय मानवतं.

त्यासाठी दोन्ही प्रकारची शेडनेट, गांडूळखत, रूट ट्रेनर (मुळं सरळ खाली वाढवणारे रोपांचे कप), एक लक्स मीटर (उजेड मोजायला) आणि एखादा वर्नियर कॅलिपर (बुंध्याची जाडी मोजायला) हवाय, जुना चालेल. पैसे दिलेत तरी चालेल, पावती मिळेल. युरियाच्या गोण्या मात्र प्लीज आणू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मापं घ्यायला माणसंही हवीत, एकाने मोजायचं, एकाने लिहायचं, शाळेतली मुलं आली तर फारच छान. काही आणणार असाल तर आधी ग्रुपवर टाका, म्हणजे एकच वस्तू चौघांकडून यायला नको. शेडनेट सगळ्यात आधी लागेल, कारण सीताअशोकाची रोपं सध्या जुन्या साड्यांच्या सावलीत आहेत.