हुंडरचे उंट राजस्थानातले नव्हेत

मा. संपादक,
स. न.

यंदा जूनमध्ये आम्ही सहकुटुंब लडाखला जाऊन आलो. नुब्रा खोऱ्यात हुंडरला दोन वशिंडांच्या उंटावर बसलो. मानेखाली हातभर लोंबणारे केस, नाकात लाकडी खुंटी. नातवाने विचारलं, "आजोबा, एवढ्या थंडीत उंट कसे?" सोबतच्या सहल व्यवस्थापकांनी "पर्यटकांसाठी राजस्थानातून आणलेत" असं ठोकून दिलं आणि मंडळी चहाला पांगली. मला फार वाईट वाटलं.

हे उंट मध्य आशियातले. लेह ते यारकंद (आज चीनमध्ये असलेलं शहर) हा व्यापार शतकानुशतके चालला. तिकडून रेशीम, नमदे (लोकरीच्या जाड सतरंज्या), गालिचे, चरस यायचं. इकडून सुती कापड, मसाले, नीळ जायची. होशियारपूरच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या लेहमध्ये होत्या. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ लादून घाट चढायचे, तसाच हा व्यापार. पण इथे वाटेत सासेर ला आणि काराकोरम या खिंडी, दोन्ही पाच हजार मीटरच्या वर. पुढे कित्येक मुक्काम गवताची काडी नाही, त्यामुळे जनावरांचा चाराही जनावरांच्याच पाठीवर. किती घोडे वाटेत पडले याची गणती नाही. त्यांच्या हाडांवरून मागून येणाऱ्यांना वाट कळायची. 1949 मध्ये चीनमध्ये सत्तापालट झाला, सीमा बंद झाली आणि काही उंट नुब्रातच राहून गेले. आज आपण बसतो ते त्यांचे वंशज.

द्रासचं युद्धस्मारक पाहून बहुतेक सहली कारगिलला मुक्काम करतात. तिथे याच वाटेवरचे व्यापारी मुन्शी अझीझ भट यांच्या नावाचं एक खासगी संग्रहालय आहे. त्यांनी 1920 च्या सुमारास बांधलेल्या सराईतला माल तिथे जपून ठेवला आहे. खोगिरं आणि घोड्यांचे नाल पाहताना नातू हलेचना. आम्ही तिथे गेलो ते हट्टाने, जेवणाची वेळ चुकवून. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नावही नव्हतं. लेहमध्ये जिथे काफिले उतरत, त्या त्सास सोमा बागेतही मध्य आशिया संग्रहालय आहे. तेही नव्हतं.

सहल कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे, या दोन ठिकाणांसाठी तासतासभर ठेवा आणि सोबत पाठवता त्या मुलांना हा इतिहास आधी शिकवा. आपल्या पर्यटन पुरवणीतही या वाटेवर सविस्तर लेख यावा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली