भयपटांच्या ट्रेलरमधला धक्का आणि धास्ती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या आठ वर्षांच्या भाचीला घेऊन मी पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये लहान मुलांचा अ‍ॅनिमेशनपट पाहायला गेले होते. चित्रपट सुरू होण्यापूर्वी चार-पाच ट्रेलर लागले आणि त्यांतला तिसरा एका भयपटाचा होता. पडद्यावर अंधारी खोली आली, पंख्याची घरघर ऐकू आली आणि मग तीही थांबली. भाचीने डोळ्यांवर हात घेतले, पण कान झाकायचे तिला सुचले नाही. पुढच्या क्षणी जो आवाज झाला त्याने ती इतकी दचकली की मांडीवरचा पॉपकॉर्नचा डबा खाली पालथा झाला. “मावशी, संपलं का गं?” असे ती पुढची दहा मिनिटे विचारत राहिली, आणि तोवर तिचा आवडता चित्रपट सुरू होऊन बराच पुढे गेला होता.

मी गेली अठरा वर्षे ध्वनिसंकलनाचे काम करते आणि भयपटांच्या काही ट्रेलरसाठीही मी आवाज रचले आहेत. त्यामुळे तो आवाज कसा घडवला गेला आणि नेमका त्याच जागी का ठेवला गेला, हे मला खुर्चीत बसल्याबसल्या कळत होते. या कलाप्रकारावर माझे मनापासून प्रेम आहे, आणि सध्या त्याचा जो वापर होतो आहे त्याने मी अस्वस्थ आहे, म्हणून हे पत्र.

सव्वादोन मिनिटांच्या एखाद्या ट्रेलरचा ध्वनी संगणकावर उघडला की त्याची लाट पडद्यावर दिसते. सुरुवातीची तीस-चाळीस सेकंदे ही लाट दोऱ्याइतकी बारीक असते. तिच्यात भांड्यांचा आवाज, मुलाचे गुणगुणणे, दाराची कुरकुर असे घरातले ओळखीचे आवाज असतात. त्यानंतर हळूहळू चढत जाणारा एक स्वर येतो, ज्याला आम्ही ‘रायझर’ म्हणतो. तो चढत चढत टोकाला पोहोचणार असे वाटत असतानाच तुटतो आणि सगळे शांत होते. ही शांतता साधी नसते. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा एक बारीक आवाज असतो, आणि या जागी संकलक तोसुद्धा काढून टाकतो. इतकी निःशब्दता प्रत्यक्ष आयुष्यात कुठेच नसल्यामुळे ऐकणाऱ्याला काहीतरी बिनसले आहे असे वाटू लागते, पण काय बिनसले ते कळत नाही. आणि मग ‘हिट’, म्हणजे एकदम आदळणारा मोठा आवाज, येतो. लाट एकदम वरच्या आणि खालच्या रेषेला जाऊन भिडते. शरीर दचकते ते मनाने विचार करण्याच्या आधीच. शांततेनंतर आल्यामुळे तोच आवाज एरवीपेक्षा कितीतरी मोठा भासतो.

या हिटमध्ये बहुधा किंकाळीसारखे, फाटलेले, बेसूर आवाज मिसळलेले असतात. डॅनियल ब्लूमस्टीन हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक मार्मट नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याचे इशाऱ्याचे आवाज अभ्यासत होते. पकडलेले पिल्लू ज्या फाटक्या स्वरात ओरडते, त्याच जातीचे आवाज चित्रपटांच्या ध्वनिपट्टीत मिळतात का, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांतले प्रसंग तपासून पाहिले आणि २०१० मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. भयपटांत हे आवाज भरपूर होते. आम्ही संकलक जे कानाच्या अंदाजाने करतो त्याची मुळे अशी फार जुन्या, पिल्लाच्या हाकेसारख्या गोष्टीत आहेत, हे वाचून मला आमच्या कामाची जबाबदारी नव्याने जाणवली.

धक्क्याचे हे तंत्र जुने आहे. व्हॅल ल्यूटन यांची निर्मिती असलेल्या १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक तरुणी रात्री एकटी रस्त्याने चालते. मागून पावले वाजत असतात आणि मग ती वाजायची थांबतात. ती थबकते, कानोसा घेते, आणि एखादे जनावर फिस्कारावे तसा आवाज होतो. प्रत्यक्षात ती समोर येऊन थांबलेली बस असते. आमच्या क्षेत्रात अशा धक्क्याला आजही ‘ल्यूटनची बस’ म्हणतात. पण ती बस परिणामकारक ठरते ती आधीच्या पावलांमुळे. पाठीमागे कुणीतरी आहे ही धास्ती प्रेक्षकाच्या मनात पुरती मुरल्यानंतर दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी ती बस आणली आहे. आज ट्रेलरमध्ये बसमागून बस येते आणि पावले ऐकवायला कुणाला वेळ नसतो, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

ज्यांना या विषयाची आवड आहे त्यांनी दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’चा १९६० चा ट्रेलर जरूर पाहावा. तो सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र चित्रण केले होते. हिचकॉक स्वतः एखाद्या घर दाखवणाऱ्या दलालासारखे त्या मोटेलमधून आणि मागच्या टेकाडावरच्या घरातून आपल्याला फिरवतात. जिन्यापाशी काय घडले हे ते सांगू लागतात आणि किळस आल्यासारखे करून वाक्य अर्धवट सोडतात. कपाट उघडतात, पण आत काय ते सांगत नाहीत. न्हाणीघरात येऊन आता इथे सगळे धुऊन पुसून स्वच्छ केले आहे, असे म्हणतात. अखेरीस ते पडदा सर्रकन ओढतात, एका स्त्रीची किंकाळी उठते आणि व्हायोलिनचे ते कापत जाणारे सूर येतात. इतक्या वेळात धक्का एकच, तोही अगदी शेवटी. शिवाय पडद्यामागे दिसते ती चित्रपटात त्या प्रसंगी असणारी नटी जॅनेट ली नाही, तर केसांचा टोप घातलेली दुसरी नटी व्हेरा माइल्स आहे. म्हणजे एवढे सगळे दाखवूनही मूळ प्रसंग त्यांनी झाकूनच ठेवला. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही, हा त्यांचा आग्रहही त्याच वृत्तीतून आलेला होता.

‘एलियन’च्या १९७९ च्या ट्रेलरमध्ये संवाद नाहीत. एक अंडे, त्याला पडणारी चीर, तिच्यातून येणारा उजेड, मग भराभर तुटणारी दृश्ये आणि शेवटी अंतराळात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू येत नाही अशा अर्थाची एक ओळ. चित्रपटातला तो परग्रहावरचा प्राणी मात्र पूर्ण असा दिसत नाही. ‘द शायनिंग’च्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी उद्वाहनाच्या बंद दारांवर कॅमेरा खिळवून ठेवला आहे. नावे सावकाश वर सरकत जातात, आपण दारांकडे पाहत राहतो, आणि मग दाराच्या फटीतून रक्ताचा लोंढा येतो. सारा ट्रेलर या एका दृश्याचा आहे. बघणाऱ्याला वाट पाहायला लावण्याचे इतके धैर्य आज मला क्वचितच दिसते.

पण अगदीच दिसत नाही असे नाही. जेम्स वान यांच्या २०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’च्या ट्रेलरमध्ये मुले आईबरोबर एक खेळ खेळतात. हा खेळ आपल्या आंधळ्या कोशिंबिरीचाच भाऊ आहे. डोळे बांधलेल्याने शोधायचे आणि लपलेल्यांनी टाळ्या वाजवून आपली जागा सांगायची. पुढे ती आई काळोखात काडी ओढून उभी असते आणि तिच्या खांद्यामागच्या अंधारातून दोन हात येऊन टाळी वाजवतात. चेहरा नाही, रक्त नाही, आवाजही टाळीचाच. खेळाचा नियम आपल्याला आधीच ठाऊक झालेला असतो, म्हणून ती टाळी ऐकून अंगावर काटा येतो.

लोक अशा चित्रपटांना का जातात, याचे उत्तर ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’च्या २००९ च्या ट्रेलरने दिले. सुमारे १५,००० डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटात दाखवण्यासारखे फारसे नव्हतेच. तेव्हा जाहिरात करणाऱ्यांनी अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रपटगृहातले प्रेक्षक टिपले. एकमेकांना बिलगणारे, तोंडावर हात घेणारे, खुर्चीतून उसळणारे हे अनोळखी चेहरे पाहून आपणही त्यांच्यात जाऊन बसावे असे लोकांना वाटले. जगभरात या चित्रपटाने १९ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. रात्री वीज गेल्यावर आजोळी सगळी भावंडे एका गोधडीत बसून भुताच्या गोष्टी ऐकत असू, तेव्हा भीतीइतकीच एकमेकांची ऊबही हवी असायची. माझ्या समजुतीप्रमाणे भयपटाचे तिकीट आपण त्या उबेसाठीही काढतो.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला भुतापेक्षा वाड्याची ओसरी आणि न उघडलेली खोली जास्त घाबरवते. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये धो धो कोसळणारा पाऊस, जुना वाडा आणि सोन्याची मुद्रा यांतूनच भय साकारते. २०१८ मध्ये तो फारसा चालला नाही, पण सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक गल्ला जमवला. गोष्ट ठाऊक असलेले लोकही पुन्हा गेले, कारण धक्का माहीत झाला की बोथट होतो, धास्तीचे तसे होत नाही. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने तर उसाच्या फडात घर ठेवले. रात्री उसाच्या पात्यांची सळसळ ऐकत ज्याने बांधावरून वाट काढली आहे, त्याला वेगळ्या पार्श्वसंगीताची गरज नसते.

असे असताना आपल्याकडचे बरेचसे ट्रेलर चित्रपटातले सगळे धक्के ओळीने लावून मोकळे होतात. निर्मात्याची बाजू मला ठाऊक आहे. मोबाइलवर पाहणारा पाच सेकंदांत बोट सरकवतो, म्हणून पहिल्या पाच सेकंदांतच काहीतरी आदळायचे, असे मलाही अनेकदा सांगितले गेले आहे. पण चित्रपटगृहात बसलेल्याला बोट सरकवता येत नाही. दोन्ही ठिकाणी एकच ट्रेलर चालवणे ही सोय झाली, विचार नव्हे.

याचा त्रास ज्यांनी भयपट निवडलेलाच नाही त्यांना सर्वाधिक होतो. २०१८ मध्ये ‘द नन’ या भयपटाची सहा सेकंदांची एक जाहिरात यूट्यूबवर आली होती. तिच्यात आधी आवाज कमी होत असल्याचे चिन्ह दिसे आणि लगेच किंचाळणारा चेहरा अंगावर येई. तक्रारी आल्यावर यूट्यूबने ती काढून टाकली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात ‘पीटर रॅबिट’ हा मुलांचा चित्रपट पाहायला आलेल्या मुलांसमोर चुकून ‘हेरेडिटरी’ या भयपटाचा ट्रेलर लागला आणि पालकांची एकच धावपळ उडाली.

आपल्याकडे चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरलाही प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीने ७, १३ आणि १६ वर्षांवरील अशा वयाच्या पायऱ्याही आखून दिल्या आहेत. मुलांच्या चित्रपटाला जोडलेला प्रत्येक ट्रेलर त्याच पायरीचा किंवा खालचा असावा, हे चित्रपटगृहांनी स्वतःहून पाळावे. आवाजाबद्दलही एक सूचना आहे. अमेरिकेत ट्रेलरच्या ध्वनिपातळीला मर्यादा आहे, पण ती संपूर्ण ट्रेलरची सरासरी काढून मोजतात. त्यामुळे शांततेची सेकंदे वाढवली की हिट आणखी मोठा करायला जागा मिळते. आपल्याकडे नियम करायचा झाल्यास सरासरीबरोबर कमाल पातळीचीही मर्यादा घालावी.

त्या दिवशी मध्यंतरात मी व्यवस्थापकांना भेटले. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी भाचीला नवा पॉपकॉर्न दिला आणि सांगितले की ट्रेलरची यादी मुख्य कार्यालयातून लागून येते, इथे कुणी ती पाहत नाही. सकाळच्या मुलांच्या खेळाआधी एका माणसाने ती यादी दहा मिनिटे बसून पाहावी, एवढीच माझी सर्व चित्रपटगृहचालकांना कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक ध्वनिसंकलक, पुणे