बांबोळीची पेज आणि गळके छप्पर : मराठी ख्रिस्ती मंडळीचे मदतीसाठी आवाहन

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने एकत्र येणाऱ्या बंधुभगिनींना सप्रेम सलाम, आणि गोव्यातील तसेच सीमेपलीकडील सर्व मराठी बांधवांना सादर नमस्कार.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळात, म्हणजे आपण सारे ज्याला गोमेकॉ म्हणतो तेथे, दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आमची लहानशी मराठी ख्रिस्ती मंडळी रोज संध्याकाळी पेज आणि उसळ देते, आणि रात्री पाठ टेकायला ज्यांना जागा नसते अशांपैकी काही जणांची सोय आपल्या प्रार्थनामंदिराच्या मागच्या दोन खोल्यांत करते. या खोल्यांचे छप्पर आणखी एक पावसाळा तग धरणार नाही. ते उतरवून नव्याने घालण्यासाठी आणि स्वयंपाकघर वर्षभर चालू ठेवण्यासाठी आम्हांला आपल्या मदतीची गरज आहे. मागणी एवढीच आहे. परंतु ज्यांच्यापुढे हात पसरायचा त्यांना मागची हकिकत ठाऊक असली पाहिजे, कारण काही वर्षांपूर्वी हीच मंडळी आपल्या दाराला कायमचे कुलूप लावायला निघाली होती.

ही मंडळी मुळात बाहेरून आलेल्यांची. नगर, सोलापूर, कोल्हापूर, मिरज, बेळगाव अशा भागांतून पोटापाण्यासाठी गोव्यात आलेली ही कुटुंबे. त्यांतले कोणी मांडवीतून मुरगाव बंदराकडे खनिज नेणाऱ्या बार्जवर होते, कोणी डिचोली-साखळीकडच्या ट्रकांच्या गॅरेजात, कोणी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, तर काही भगिनी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत उभारलेल्या मिशन इस्पितळात परिचर्या शिकून येथे नोकरीला आलेल्या. गोव्यातले बहुसंख्य ख्रिस्ती बांधव कॅथलिक आहेत, त्यांची मिस्सा कोंकणीतून होते, आणि त्यांनी आम्हांला कधी परके मानलेले नाही. तरीही दुःखाच्या वेळी माणसाला आईच्या भाषेतच प्रार्थना सुचते, म्हणून बार्देशातील एका कॅथलिक कुटुंबाचे चिऱ्यांच्या भिंतींचे जुने घर नाममात्र भाड्याने घेऊन तेथे मराठी उपासना सुरू झाली. पेटी, तबला, रविवारची शाळा, हंगामाचा सण, नाताळातली घरोघरची गाणी असे सारे व्यवस्थित चालले होते.

२०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा पहिली गळती लागली. मधल्या काळात काही खाणी सुरू झाल्या खऱ्या, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, मार्चच्या मध्यापासून काम पूर्ण बंद पडले, आणि बार्जवरची व गॅरेजातली आमची माणसे सामान बांधून गावी परतली. न्यायालयाचा निर्णय चुकीचा होता असे आमचे म्हणणे नाही. खाणींनी शेतांचे आणि झऱ्यांचे काय केले ते सत्तरी-डिचोलीत राहणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. तरीसुद्धा ज्यांचा हप्ता ट्रकवर होता त्यांचे घर बसले, हे तितकेच खरे. पुढे २०२० साली टाळेबंदी आली आणि हॉटेलांतली नोकरीही गेली. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने मागच्या खोल्यांवर माड पाडला. आमच्या पाळकसाहेबांची बदली झाल्यावर त्यांच्या जागी कोणी आले नाही. महिन्यातून एकदा बाहेरून पाळक येऊन प्रभुभोजन देत, आणि एरवीच्या रविवारी दोन बाकांवर मावतील एवढीच माणसे उरत.

पैशांची चणचण या मंडळीला नवी नव्हती. खरी खचवणारी गोष्ट दुसरीच होती : आपण येथे नसलो तर कोणाचे काही अडेल का, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर उरले नव्हते. प्रार्थना चालू होती, पण ती गेलेले परत दे, एवढ्यावरच अडली होती.

२०२२च्या नाताळानंतर मंडळीची सभा भरली ती घराच्या किल्ल्या मालकांना परत देण्याचा ठराव करण्यासाठीच. उपासनेचा त्या दिवशीचा पाठ योगायोगाने एलीयाचा होता. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला हा संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देव त्याला त्या क्षणी ना उपदेश करतो, ना जाब विचारतो. दूत येऊन त्याला उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा त्याला उठवून खायला घातले जाते, आणि मग होरेब डोंगरापर्यंतची वाट. तेथेही आपण एकटेच उरलो ही त्याची तक्रार ऐकून घेतल्यावर देव त्याला करायची कामे सांगतो, कोणाकोणाला अभिषेक करायचा ते सांगतो, अलीशासारखा सोबती दाखवतो, आणि बाल नावाच्या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत हे मागाहून कळवतो. आधी भाकर, मग झोप, मग काम, आणि धीराचे शब्द त्यानंतर, हा क्रम आमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणापासून ऐकलेला. लक्ष मात्र कोणी दिले नव्हते.

पाठ संपल्यावर ठरावाचे वाचन व्हायचे होते. तेवढ्यात गोमेकॉत परिचारिका असलेल्या आमच्या एका भगिनीने, फारसा विचार न करता बोलावे तसे, आपल्या वॉर्डातली गोष्ट सांगितली. दोडामार्गाकडच्या एका म्हातारीचा मुलगा दाखल होता. रुग्णाला इस्पितळातून जेवण मिळते; सोबत राहिलेल्या माणसाचे त्याने आपले पाहायचे असते. म्हातारी दुपारी मुलाच्या ताटातले उरलेसुरले खायची, रात्री नळाचे पाणी पिऊन बाहेर चटई अंथरायची, आणि परतीच्या बसचे पैसे पदराच्या गाठीला बांधून ती गाठ मुठीत धरून झोपायची. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले, कुडाळ येथून आणि गोव्याच्या आडगावांतून अशी माणसे तेथे सतत येतात, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. आमच्याकडे रिकामे घर होते, मोठे टोप होते, आणि उकड्या तांदळाची पेज तर सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच होते. ठराव त्या दिवशी वाचला गेला नाही.

महिला मंडळाने ठरवले की प्रत्येक घरी रोजचा भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा आणि रविवारी अर्पणाबरोबर आणायचा. त्या तांदळावर पहिल्या पेजेचा टोप चढला, आणि गोणपाटात गुंडाळून तो एका तरुणाने स्कूटरवरून बांबोळीला नेला. त्यानंतर जे घडत गेले ते आम्ही जसेच्या तसे लिहितो, कारण देवाने पुरवठा केला असे नुसते म्हटले की तो आभाळातून पडला असे वाटू लागते. तो माणसांच्या हातून आला, आणि बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या. जवळच्या कॅथलिक पोदेराने, म्हणजे पाव भाजणाऱ्याने, विकून उरलेले उंडे संध्याकाळी आणून द्यायला सुरुवात केली. चतुर्थी झाल्यावर एका हिंदू शेजाऱ्यांनी गणपतीवर बांधलेल्या माटोळीचे नारळ पाठवले. एका निवृत्त शिक्षकांनी इस्पितळाचे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले. खेडेगावातून आलेल्या माणसाला पोटाइतकीच या कामाची निकड असते, हे आम्हांला तेव्हा समजले. तरुण संघाने रक्तदात्यांची वही केली आहे. तीत रक्तगटाप्रमाणे नावे आहेत, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री एखादा नातेवाईक रडवेला होऊन आला की ती उघडली जाते.

दुष्काळात एलीयाला भाकर देणाऱ्या सारफथच्या विधवेच्या मडक्यातले पीठ सरले नाही, असे शास्त्र सांगते. पण तिचे कोठार भरले असे कोठेही सांगत नाही. आमचेही तसेच आहे. शिल्लक कधी पडली नाही. एक-दोनदा पेज इतकी पातळ झाली की वाढणाऱ्यांनाच संकोच वाटला. तरी टोप चढला नाही अशी संध्याकाळ अजून आलेली नाही.

येथे पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावेसे वाटते. १८९३ साली धर्मांतराच्या वादातून पुण्याच्या शारदा सदनातील पुष्कळ मुली पालकांनी काढून नेल्या आणि सल्लागारांनी अंग काढून घेतले. काम संपले असे पाहणाऱ्यांना वाटले असेल. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९६-९७च्या दुष्काळात, त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगावचे मुक्ती सदन उभे केले. त्यांच्याशी आपली बरोबरी करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. फक्त गेलेल्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा दाराशी आलेल्यांकडे पाहावे, हे मराठी ख्रिस्ती समाजाने एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेले आहे, एवढेच सांगायचे आहे.

यातून मंडळीची संख्या वाढली का, असे काही जण विचारतात. थोडी वाढली; गावी गेलेली काही कुटुंबे परतली आहेत. परंतु पेज घेणाऱ्याला त्याचा धर्म, जात वा गाव विचारले जात नाही, पत्रके वाटली जात नाहीत, आणि प्रार्थना फक्त मागणाऱ्यासाठीच केली जाते. देणगीदारांनाही हे आधीच स्पष्ट केलेले बरे, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. त्याचप्रमाणे, येथे दिलेले दुपटीने परत मिळेल असे आश्वासन हल्ली काही व्यासपीठांवरून दिले जाते. ते आम्ही देत नाही, कारण तसे देण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाही.

आता छपराविषयी. वादळात पडलेल्या माडाने मोडलेले वासे आम्ही त्या वेळी टेकू देऊन सावरले आणि फुटलेल्या कौलांच्या जागी निळे प्लॅस्टिक बांधले. गेल्या पावसाळ्यात पुरुषांच्या खोलीतल्या चटया भिंतीपासून ओढत ओढत मधोमध आणाव्या लागल्या, आणि तांदळाचे डबे प्रार्थनामंदिरात बाकांखाली ठेवावे लागले. मेस्तांनी तपासून सांगितले की बहुतेक वासे आणि रिपा वाळवीने पोखरल्या आहेत, वरचा चिऱ्यांचा थर सुटला आहे, आणि आता डागडुजीत पैसे घालणे व्यर्थ आहे. लाकूड, मंगळुरी कौले, भिंतीचा वरचा थर आणि मजुरी मिळून ₹४,८०,००० इतका अंदाज आला आहे. त्यापैकी ₹१,१०,००० मंडळीतूनच जमले असून घरमालकांची लेखी संमती आणि पंचायतीचा दाखला हाती आला आहे. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन ठेपतो, त्यामुळे ईस्टरनंतर लगेच जुने छप्पर उतरवले तरच काम वेळेत पुरे होईल. अर्धवट उघडे छप्पर घेऊन जूनमध्ये शिरणे म्हणजे आहे ते घरही गमावणे, म्हणून पूर्ण रकमेची तजवीज झाल्याशिवाय कौलांना हात लावायचा नाही असे आम्ही ठरवले आहे.

स्वयंपाकघराचा खर्च, गॅस, वीज, पाणी आणि कडधान्य धरून, दरमहा सुमारे ₹२२,००० येतो. त्यासाठी एकदम मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा दर महिन्याला थोडे परंतु नेमाने देणारे आम्हांला अधिक हवे आहेत. धान्य देणाऱ्यांनी उकडे तांदूळ, मूग, चवळी किंवा नारळ द्यावेत. चादरी नव्याच असाव्यात असा हट्ट नाही, पण धुतलेल्या आणि न फाटलेल्या असाव्यात. जुन्या कपड्यांची गाठोडी मात्र कृपया पाठवू नयेत, ती ठेवायला जागा नाही आणि रुग्णासोबत आलेल्या माणसाला त्यांचा उपयोगही नाही. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी : पेज वाढायला, टोप घासायला, अर्ज भरून द्यायला. स्कूटर असलेल्या तरुणांची तर फारच निकड आहे.

रोख देणगी रविवारच्या मराठी उपासनेनंतर खजिनदारांकडे देऊन छापील पावती घ्यावी; बँकेतून रक्कम पाठवू इच्छिणाऱ्यांनी खात्याचा तपशील त्यांच्याकडूनच समक्ष घ्यावा आणि आमच्या नावाने मोबाईलवर फिरणाऱ्या कोणत्याही संदेशावर विसंबू नये. या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आमची नोंदणी नसल्यामुळे परदेशी नागरिकांकडून आम्हांला पैसे घेता येत नाहीत, आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले आपले गोमंतकीय बांधवही या नियमात येतात. भारतीय पासपोर्ट कायम असलेल्या परदेशस्थांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम मात्र चालते. पोर्तुगालहून किंवा इंग्लंडहून सुटीवर येणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांनी एखाद्या संध्याकाळी वाढायला यावे.

जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवला जातो आणि दाराशी लावला जातो. तो पाहण्यासाठी मंडळीचे सभासद असण्याची अट नाही. छपरासाठी आलेली रक्कम स्वयंपाकघराकडे वळवली जाणार नाही. ईस्टरपर्यंत पुरेशी रक्कम न जमल्यास काम ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलले जाईल, पावसाळ्यात मागच्या खोल्या बंद राहतील, आणि पेज मात्र पूर्ववत चालू राहील; त्या स्थितीत ज्या देणगीदारांना आपली रक्कम परत हवी असेल त्यांनी पावती दाखवून ती घेऊन जावी.

आपले नम्र,
पंच कमिटी व महिला मंडळ यांच्या वतीने
सचिव