प्रिंटर बिघडलेला नाही: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

घरी नवा राउटर बसवल्यापासून प्रिंटर इंटरनेटला जोडला जात नाही आणि तो दुरुस्तीला द्यावा की नवाच घ्यावा, असा तुमचा विचार चालला आहे, हे बाबांकडून कळले. माझी विनंती आहे की यांपैकी काहीही करू नये. फोनवर सांगितलेले ऐनवेळी आठवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र प्रिंटरशेजारी ठेवावे आणि दोघांनी मिळून सवडीने एकेक गोष्ट करून पाहावी.

वाय-फायचे नाव आणि पासवर्ड प्रिंटरला पहिल्या दिवशी एकदाच सांगितला जातो आणि तो प्रिंटरच्या स्मरणात राहतो. इंटरनेट कंपनीच्या माणसाने जुना राउटर काढून नेला, नव्याला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड दिला, तुमचे फोन आणि टीव्ही त्याला जोडून दिले. प्रिंटर आतल्या खोलीत असल्यामुळे तेवढा राहून गेला असावा. घरात आता अस्तित्वात नसलेले नाव तो अजून शोधतो आहे. शिवाय एक गोष्ट बाबांनी आवर्जून लक्षात घ्यावी: कागद छापण्यासाठी प्रिंटरला सहसा इंटरनेट लागतच नाही. संगणक आणि प्रिंटर एकाच राउटरला जोडलेले असले, की बाहेरचे इंटरनेट बंद असतानाही कागद निघतो. त्यामुळे 'इंटरनेट चालू आहे, मग प्रिंटर का नाही' या प्रश्नात अडकू नये. पाहायचे ते एवढेच, की दोघे एकाच राउटरवर आहेत का.

हे प्रिंटर स्वतःच सांगू शकतो. त्यावर 'आय' अक्षराचे जे बटण आहे ते थोडा वेळ दाबून धरले की माहितीचे एक पान छापून येते. त्यासाठी संगणकही लागत नाही आणि राउटरही. ते पान स्वच्छ उमटले, तर शाई, कागद आणि छपाईचे यंत्र ठीक आहे असे समजावे, म्हणजे दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो. त्या पानावर 'एसएसआयडी' किंवा 'नेटवर्क नेम' या शब्दांपुढे जे नाव असेल, ते नव्या राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरील नावाशी किंवा बाबांच्या फोनमध्ये दिसणाऱ्या वाय-फायच्या नावाशी ताडून पाहावे. नाव जुने असेल, तर माझा अंदाज खरा ठरला. नाव नवे असूनही 'आयपी ॲड्रेस' म्हणजे नेटवर्कवरील पत्त्यापुढचा आकडा 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरने प्रिंटरला पत्ता दिलेला नाही आणि प्रिंटरने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्याने बहुधा काम होते. घरातल्या राउटरने दिलेला पत्ता सहसा 192.168 ने सुरू होतो.

आता नवे नाव प्रिंटरला सांगायचे. सर्वांत सोपा मार्ग डब्ल्यूपीएस नावाच्या बटणाचा, कारण त्यात पासवर्ड टाकावाच लागत नाही. बाबांनी आतल्या खोलीत प्रिंटरचे वायरलेसचे बटण त्याचा दिवा लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरावे आणि हाक मारावी. आई, तू त्याच वेळी हॉलमधल्या राउटरवरचे डब्ल्यूपीएसचे बटण दाब. एकाने दाबल्यावर दुसऱ्याने दोन मिनिटांच्या आत दाबावे लागते, म्हणून हे काम दोघांनी मिळून करणेच बरे. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, की जोडणी झाली.

नव्या राउटरवर हे बटण नसेल किंवा कंपनीने ते बंद ठेवले असेल, तर प्रिंटरच्या कंपनीचे ॲप फोनवर उघडून तिथून जोडणी करावी. येथे एक अडचण हमखास येते. जोडणी करताना फोन काही क्षण प्रिंटरच्या स्वतःच्या वाय-फायला जोडला जातो, त्यावर इंटरनेट नसते, आणि ते लक्षात येताच फोन आपणहून मोबाईल डेटाकडे वळतो. मग ॲपला प्रिंटर सापडत नाही. त्यामुळे सुरुवात करण्यापूर्वी मोबाईल डेटा बंद करावा, लोकेशन चालू ठेवावे, आणि 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का' असे फोनने विचारल्यास होकार द्यावा. पासवर्ड टाकताना लहान-मोठी अक्षरे आणि शून्य व 'ओ' यांतला फरक पाहावा. आई, तुझी नजर बारीक अक्षरांवर ठरत नाही, म्हणून राउटरखालच्या कागदाचा फोनने फोटो काढून तो मोठा करून वाच.

यानंतरही ॲपमधल्या यादीत घरच्या वाय-फायचे नाव दिसले नाही, तर कारण बहुधा वेगळे आहे. नवे राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतात. घरगुती वापराच्या बऱ्याच प्रिंटरना फक्त 2.4 चीच लहर ओळखता येते. ती थोडी संथ असली तरी भिंतींपलीकडे अधिक चांगली पोहोचते. इंटरनेट कंपनीच्या माणसाला फोन करून 2.4 ची लहर चालू ठेवून तिला वेगळे नाव द्यायला सांगावे, आणि सुरक्षेचा प्रकार केवळ 'डब्ल्यूपीए-3' ठेवला असल्यास 'डब्ल्यूपीए-2' लाही परवानगी द्यायला सांगावे. हे त्यांचे नेहमीचे काम आहे, त्यात संकोच नको. पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' नेटवर्क मात्र प्रिंटरला देऊ नये, कारण त्यावरील उपकरणांना घरातली इतर उपकरणे सहसा दिसत नाहीत.

प्रिंटर जोडला गेला तरी संगणक त्याला 'ऑफलाइन' म्हणत राहील, अशी शक्यता आहे. त्याच्याकडे प्रिंटरचा जुना पत्ता आहे. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडून जुनी नोंद काढून टाकावी आणि प्रिंटर नव्याने जोडून घ्यावा. रांगेत अडकलेली जुनी पाने आधी रद्द करावीत, नाहीतर सोसायटीच्या सभेची तीच नोटीस पुन्हा पुन्हा छापली जाईल.

आपल्याकडे लाईट वारंवार जाते, त्याविषयीही लिहिते. लाईट आल्यावर राउटर पूर्ण सुरू व्हायला काही मिनिटे लागतात. प्रिंटर त्याआधी जागा होतो, त्याला वाय-फाय सापडत नाही आणि कधी कधी तो शोधणेच सोडून देतो. म्हणून आधी राउटरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत, मगच प्रिंटर चालू करावा. बंद करताना प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा, भिंतीवरच्या बटणाने नव्हे. स्वतःच्या बटणाने बंद होताना तो शाई सोडणारे हेड जागेवर नेऊन झाकतो. मध्येच वीज तोडली तर ते उघडे राहते आणि शाई सुकून छिद्रे बुजतात. तो खरा बिघाड, आणि तो खर्चिक असतो.

सर्वांत कळकळीची विनंती आता करते. प्रिंटर चालत नाही म्हणून इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधून तिथे फोन करू नये. शोधल्यावर वर दिसणारे कित्येक क्रमांक कंपनीचे नसतातच. पलीकडचा माणूस गोड बोलून संगणकाचा पडदा पाहू देणारे ॲप घ्यायला लावतो आणि बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो. मदत हवी असल्यास क्रमांक प्रिंटरच्या खोक्यावरून किंवा हमीपत्रावरूनच घ्यावा. चुकून कोणाला असा प्रवेश दिला गेलाच, तर लाजून गप्प न बसता इंटरनेट लगेच बंद करावे, बँकेला कळवावे आणि सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. मला त्याच क्षणी फोन करावा. मी रागावणार नाही.

बाबा, सोसायटीच्या सभेची नोटीस अडली असेल, तर या सगळ्यासाठी थांबू नका. प्रिंटरच्या खोक्यात एका टोकाला चौकोनी तोंड असलेली केबल असेल. ती प्रिंटरला आणि संगणकाला लावली, की वाय-फायशिवायही छपाई होते. आईच्या मोठ्या अक्षरातल्या स्तोत्रांची पानेही तोवर तशीच काढता येतील. माहितीचे पान छापल्यावर त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवा. शनिवारी सकाळी मी मोकळी आहे, तेव्हा व्हिडिओ कॉलवर राहिलेले एकत्र पाहू.

तुमची लेक